पांढरी शेवंती फक्त बारावीला

आमच्या ब्रॅनॉकमध्ये होमकमिंगला, म्हणजे हायस्कूलच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या फुटबॉल मॅचला, पांढरी शेवंती लावायची की मरून-सोनेरी, हे मुलीच्या आवडीवर नसतं. बारावीत असली तर पांढरी आणि चंदेरी, खालच्या वर्गात असली तर शाळेच्या रंगांची. हा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच तो मोडायची कुणाची छाती होत नाही. लिहिलेले नियम पोरं रोज मोडतात आणि त्यांच्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावर येतात.

शेवंती आता नावालाच शेवंती राहिली आहे. माझ्या आईच्या वेळी खरं फूल असायचं. मॅचच्या दिवशी सकाळी ते मुलीच्या छातीवर टाचायचे आणि संध्याकाळपर्यंत त्याने मान टाकलेली असायची. आता फूल कापडाचं, जेवणाच्या ताटाएवढं. त्याखाली घोट्यापर्यंत लोंबणाऱ्या फिती, फितींच्या वेण्या, घंटा, मधोमध एक टेडी अस्वल आणि हौस असेल तर बॅटरीवर लुकलुकणारे दिवे. वजन पिनेला पेलत नाही, गळ्यात पट्टा घालून अडकवावी लागते. टेक्सासबाहेरची माणसं हे बघून हसतात. हसोत बापडी.

मी नेड्रा प्रुइट. दिवसा हायस्कूलच्या ऑफिसात रजिस्ट्रार. कोण कितवीत, कुणाचे कोणते विषय राहिले, कोण किती दिवस गैरहजर, कोण शाळा सोडून चाललं, हे सगळं माझ्याकडे. आणि ऑगस्टपासून होमकमिंगपर्यंत रोज संध्याकाळी मी माझ्या गराजमध्ये शेवंत्या बनवते. दोन्ही कामांच्या मध्ये मी भिंत ठेवलेली आहे. शाळेत कळलेलं गराजमध्ये बोलायचं नाही, गराजमध्ये कानावर आलेलं शाळेत न्यायचं नाही. नेड्राच्या पोटात गेलं की गेलं, असं गाव म्हणतं. सत्तावीस वर्षं मला या बोलण्याचा अभिमान वाटत आला.

यंदा पहिली ऑर्डर जुलैमध्येच आली, ओफेलिया आर्मेंदारिसची. तिची मुलगी मारिसेला. ओफेलियाला तीन फुलांची पांढरी शेवंती हवी होती, वेण्या मात्र ती स्वतः घालणार होती. लबक शहरातल्या एका वृद्धाश्रमात तिची रात्रपाळी असते. कामावर निघायच्या आधी ती तास दीड तास माझ्या गराजमध्ये येऊन बसायची आणि चंदेरी फितीची सात पदरी वेणी घालायची. हात चांगला होता तिचा. येताना बटाटा-अंड्याचे दोन बरिटो फॉइलमध्ये गुंडाळून आणायची, एक मला, एक तिला.

ओफेलियाला स्वतःला पांढरी लावायला मिळाली नव्हती. अकरावीत असताना मार्च महिन्यात तिने शाळा सोडली. पोट अजून दिसत नव्हतं, पण गावाला जेवढं दिसायचं तेवढं दिसलं होतं. शाळा सोडायच्या फॉर्मवर शिक्का मी मारला होता. ती टेबलाशी उभी होती आणि मी तिला 'इथे सही कर' यापलीकडे काही बोलले नव्हते. बाळंतपणानंतर परत येता येतं, शाळेचे मास्तर घरी येऊनही शिकवतात, याची माहिती माझ्या मागच्या फलकावर टाचलेली होती. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आपण बरं, आपलं काम बरं.

त्या वर्षीची तिची अकरावीची शेवंती अजून तिच्या घरात सोफ्यावरच्या भिंतीला प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेली आहे. मी पाहिली आहे.

जूनमध्ये मला कळलं होतं की मारिसेला बारावीत गेलेलीच नाही.

तिचे गुण वाईट नव्हते, गैरहजेरी नडली. आमच्याकडे शंभरातले दहाहून जास्त दिवस बुडाले तर पास झालेला विषयही धरत नाहीत. तिचे सकाळचे तीन विषय गेले. तिच्या आजोबांना, चोन आर्मेंदारिसना, आठवड्यातून तीनदा लबकला डायलिसिसला न्यावं लागायचं. आधी दुपारची वेळ होती, शाळा सुटल्यावर मारिसेलाच न्यायची; जानेवारीपासून पहाटे सहाची मिळाली. ओफेलिया सकाळी आठला कामावरून यायची आणि पलंगावर पडायची. वेळ बदलली हे पोरीने तिला सांगितलंच नाही. स्वतः गाडी घेऊन जायची, आजोबांना घरी सोडायची आणि अकराच्या सुमारास शाळेत उगवायची. उशिरा आलेल्यांच्या वहीत कारणाच्या रकान्यात एकेचाळीस वेळा तेच लिहिलेलं आहे: आजोबा, लबक.

वर्ष राहिल्याचं पत्र मीच घरी पाठवलं होतं. ते पोरीने पत्रपेटीतून काढून घेतलं, हे मला पुढच्याच महिन्यात उमगलं, कारण तिची आई पांढऱ्या शेवंतीची ऑर्डर द्यायला माझ्याकडे आली. मी वहीत लिहून घेतली. ऑगस्टपासून आजोबांना न्यायला काउंटीची गाडी येऊ लागली, पोरगी वेळेवर शाळेत यायला लागली, पण गेलेलं वर्ष गेलं ते गेलंच. सप्टेंबरमध्ये मारिसेला अठराची झाली. अठरा झालं की कागदपत्रं मुलांची, त्यांच्या परवानगीशिवाय मी ती आईबापांना दाखवत नाही. भिंतीला आणखी एक वीट लागली, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं.

होमकमिंगच्या आधीचा आठवडा जोशाचा. रोज एक सोंग. सोमवारी पायजम्याचा दिवस होता. मुख्याध्यापक रात्रीची टोपी घालून फाटकात उभे होते, फुटबॉलच्या टीममधले दोन धटिंगण सशांच्या सपाता घालून फिरत होते. आमच्या शाळेचं चिन्ह रानससा आहे, त्यामुळे हे जोशात धरलं जातं. पहिल्या तासाला मारिसेला ऑफिसात आली. अंगात आजोबांचा तपकिरी गाऊन, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"मिस नेड्रा, शाळा सोडायचा फॉर्म हवाय."

मी विचारलं, कुणासाठी.

"माझ्यासाठी. आत्ता देत नाही भरून. होमकमिंग होऊ दे, पुढच्या सोमवारी आणून देते. अठरा झालेय मी, माझी एकटीची सही चालते ना?"

"चालते."

"जिनिंगवाले घेताहेत मला, वजनकाट्यावर. कायमचं." ती गाऊनच्या पट्ट्याशी चाळा करत होती. "माझ्या बरोबरच्या सगळ्या मे महिन्यात स्टेजवर जाणार आणि मी खाली बसून टाळ्या वाजवायच्या. मग आणखी एक वर्ष त्या चिल्ल्यापिल्ल्यांबरोबर. नाही जमायचं मला."

मी ड्रॉवर उघडला. फॉर्म मागितला तर द्यायचा, हा नियम लिहिलेला आहे.

"आणि शेवंती पांढरीच ठेवा हं," ती म्हणाली. "अमाला शुक्रवारी एकदा डोळे भरून बघू दे. मग सांगेन मी तिला." अमा म्हणजे तिची आई.

तेव्हा मला एक गोष्ट बोलता आली असती. गैरहजेरीला रास्त कारण असेल तर शाळेची एक कमिटी बसते आणि गेलेले विषय परत देऊ शकते. त्यासाठी घरच्या मोठ्या माणसाचं पत्र लागतं, म्हणजे आईचं. हे मी जूनच्या पत्रात शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. पोरीने ते वाचलंच असणार, असं मी मनाशी म्हटलं आणि फॉर्म तिच्या हातात दिला. तिने त्याची चार घड्यांची पुडी केली, गाऊनच्या खिशात टाकली आणि गेली.

त्या संध्याकाळी ओफेलिया आली ती गाणं गुणगुणतच. एका लांब फितीवर मुलीचं नाव चिकटवायचं असतं आणि दुसरीवर तिच्या जोडीदाराचं. मारिसेलाला मित्र नव्हता. दुसरी फीत मोकळी सोडू का, असं मी विचारलं.

"मोकळी कशाला? आमच्या म्हाताऱ्याचं नाव टाका, चोन. त्याच्याइतकं तिच्याबरोबर कोण फिरलंय?" असं म्हणून ती स्वतःच हसली.

तिला म्हणायचं होतं ते एवढंच की नात आणि आजोबा कायम एकत्र असतात. मी अक्षरांच्या डब्यात च शोधत बसले. शुक्रवारी जिममध्ये फोटोच्या वेळी कुठे उभं राहिलं तर नीट दिसेल, हे तिने मला दोनदा विचारलं. रात्रपाळी संपवून ती सरळ शाळेत येणार होती. शाळा सोडली त्यानंतर ती एकदाही शाळेच्या आत आली नव्हती. मुलीच्या प्रवेशाचे कागदसुद्धा आजोबाच घेऊन आले होते.

मंगळवारी जुळ्यांचा दिवस होता. दोन-दोन पोरं सारखे कपडे घालून फिरत होती आणि हजेरी घेताना मास्तरांच्या नाकी नऊ आले. मारिसेला एकटीच होती.

बुधवारी वार्षिक अंकाचे सर, किम्ब्रो, बारावीची यादी मागायला आले. शुक्रवारी सकाळी जिममध्ये पांढऱ्या शेवंतीच्या सगळ्या मुलींचा फोटो निघतो. किम्ब्रो एकेक नाव माईकवर पुकारतात, मुलगी घंटा वाजवत मधोमध येते, अख्खी शाळा टाळ्या वाजवते. यादी माझीच असते, दरवर्षी. या वर्षी अशी एक मुलगी पांढरी लावून उभी राहणार होती की जिचं नाव पुकारलं जाणार नव्हतं. तिची आई त्याच वेळी दाराशी उभी असणार होती. हे गणित मी सोमवारीच मांडायला हवं होतं. अठरा वर्षांच्या पोरीच्या ते लक्षात आलं नाही तर नवल नाही. सत्तावीस वर्षं यादी करणारीच्याही आलं नाही.

मी किम्ब्रोंना दुपारी या म्हणाले. ते गेल्यावर यादी उघडली आणि आर्मेंदारिस, मारिसेला असं टाइप केलं. सहज बसत होतं, वर-खालच्या नावांना कळलंही नसतं. या खुर्चीत बसून मी आजवर एकही खोटी नोंद केलेली नाही. त्या ओळीकडे बराच वेळ बघितलं आणि पुसून टाकली. नंतर पुन्हा टाइप केली, पुन्हा पुसली. दुपारी किम्ब्रो आले तेव्हा यादीत तिचं नाव नव्हतं. मला त्या दिवशी स्वतःची चीड आली, आणि ती खऱ्या यादीबद्दल नव्हती. यादी खरीच हवी होती. एवढी खरी यादी हातात घेऊन मी गप्प बसले होते, त्याची होती.

गुरुवारी म्हाताऱ्यांचा दिवस. पोरांनी केसांना टाल्कम पावडर फासली होती, पाठीला उश्या बांधल्या होत्या. एका पोरीने माझा स्वेटर उसना मागितला, सोंगासाठी. मी दिला.

शेवंत्या गुरुवारी संध्याकाळी घरोघरी जातात. सहापर्यंत माझं गराज रिकामं झालं होतं, एकच पांढरी खुंटीला लटकत होती. ओफेलिया कामाचे निळे कपडे घालून आली होती आणि गरम गोंदाच्या बंदुकीने शेवटच्या फितीवर चंदेरी अक्षरं चिकटवत होती. आधी 'बारावी' असं, खाली साल. पोरगी शेवंती घ्यायला आली आणि दाराशी घुटमळत उभी राहिली. जीन्सच्या मागच्या खिशातून त्या चार घड्यांच्या कागदाचं टोक वर आलेलं मला दिसलं. ती तो घेऊनच फिरत होती.

पोरीचं काही मी बोलू शकत नव्हते. पण माझं स्वतःचं बोलायला कुणाची परवानगी लागणार होती?

मी स्टूल ओढून ओफेलियाच्या समोर बसले.

"ओफेलिया, तू शाळा सोडलीस तेव्हा फॉर्मवर शिक्का मी मारला होता. आठवतं?"

तिने मान वर केली नाही. "आठवतं की. तुमच्याकडे तेव्हा टोकाला फूल लावलेला हिरवा पेन होता."

"परत येता आलं असतं तुला. बाळंतपणानंतर. मास्तर घरी आले असते. मला माहीत होतं आणि मी तुला सांगितलं नाही. तू पोर होतीस आणि मी खुर्चीत बसलेली बाई होते. मी बोलायला हवं होतं. साडेअठरा वर्षं मी ते मनात ठेवलंय."

ओफेलियाने एक अक्षर चिकटवलं, बोटाने दाबून धरलं. गोंद वाळायला दहा आकडे मोजावे लागतात. तिने ते मोजले असावेत.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "तुमच्या मागच्या फलकावर लिहिलेलं होतं. तुम्ही शिक्का शोधत होतात ना, तेवढ्यात सगळं वाचून काढलं मी. ही तीन महिन्यांची झाल्यावर दोनदा आले होते. तुमच्या शाळेच्या पार्किंगमध्ये गाडी लावून बसले, इंजिन चालू ठेवून. तुमची खिडकी दिसते तिथून. वाटायचं, कुणीतरी बाहेर येईल आणि म्हणेल, आत ये." तिने खांदे उडवले. "कुणी कशाला येतंय. लोकांना कामं असतात."

त्या दोन दिवसांपैकी एखाद्या दिवशी मी खिडकीतून ती गाडी पाहिली होती का, हे मी अजून आठवून बघते. पाहिलीही असेल.

मारिसेला दारातून आत आली. खिशातला कागद काढून तिने आईसमोर, फितींच्या ढिगावर ठेवला. उलगडला नाही.

"अमा, ही पांढरी माझी नाही."

मग तिने सांगितलं. सरळ, वहीत लिहिल्यासारखं: जानेवारी, सहाची वेळ, तीन विषय, जूनचं पत्र, वजनकाटा. मध्ये एकदाही थांबली नाही. ओफेलियाने गोंदाची बंदूक हातातच धरली होती आणि तिच्या टोकातून गरम गोंदाचा थेंब टेबलावर पडत होता. मी हात पुढे करून वायर काढली.

"सहा वाजता?" ओफेलिया म्हणाली. "पहाटे?"

"सोम, बुध, शुक्र."

"मी कामावर असायचे. आणि येऊन झोपायचे."

"हो."

"तू मला झोपू दिलंस," ओफेलिया म्हणाली. आवाज चढला नव्हता. "चार महिने. मी तिथे परक्यांच्या म्हाताऱ्यांच्या कुशी बदलत होते, आणि माझ्या म्हाताऱ्याला तू नेत होतीस आणि माझ्या तोंडावर सांगत होतीस की दुपारी नेऊन आणलं. आणि मी झोपत होते."

"तू काम सोडलं असतंस."

"सोडलं असतं."

"मग?"

"मग काय? माझं काम होतं ते, मी सोडलं असतं! तुझं वर्ष होतं ते, तू कुणाला विचारून सोडलंस?"

पोरगी रडायला लागली. ओफेलियाने तिला जवळ घेतलं नाही. ती रागावली होती आणि रागावू देणंच बरं होतं. तिने तो घडी केलेला कागद उलगडला, वाचला, मग माझ्याकडे बघितलं.

"हा तुम्ही दिलात?"

"मी दिला."

"काही न बोलता?"

"काही न बोलता," मी म्हटलं. "आता बोलते." आणि मग मी त्या दोघींना कमिटीबद्दल सांगितलं. विषय परत मिळतीलच असं नाही, आईला पत्र लिहावं लागेल, सोमवारी ऑफिसात येऊन माझ्यासमोर सही करावी लागेल. मिळाले तर पोरगी जानेवारीपासून बारावीत. नाही मिळाले तर एक वर्ष जास्त. "पण शाळा सोडू नकोस, मारिसेला," मी म्हटलं. "सोमवारी तू हा फॉर्म घेऊन आलीस तर मला तो घ्यावाच लागेल. आणू नकोस." सत्तावीस वर्षांत कुठल्या पोराला मी हे म्हटलेलं नव्हतं. वाक्य फार लांब नव्हतं.

पोरीने नाक पुसलं. तिचा प्रश्न वेगळाच होता. "उद्या काय लावू मी?"

मरून फीत माझ्याकडे हातभरसुद्धा उरली नव्हती. ओफेलिया उठली, गाडीची किल्ली घेतली आणि बाहेर पडली. चार गल्ल्या पलीकडे घर आहे तिचं. दहा मिनिटांनी परत आली ती प्लास्टिकची पिशवी घेऊन. आत तिची अकरावीची शेवंती होती. त्या काळी शेवंत्या लहान असायच्या. एकच फूल, फिती कमरेपर्यंत, घंटा दोनच. मरून रंग विटून विटेसारखा झाला होता. पिशवीतून काढल्यावर गराजभर धुळीचा वास सुटला.

"हिच्यावर साल माझं आहे," ओफेलिया म्हणाली. "कुणी विचारलं तर सांग, आईची आहे."

पांढरीवरच्या सालाचा शेवटचा आकडा तिने नखाने खरवडून काढला. गोंद अजून नीट वाळला नव्हता, त्यामुळे निघाला. मग ती शेवंती तिने त्याच पिशवीत घातली, पिशवीचं तोंड बांधलं आणि मला म्हणाली, हिला तुमच्याच खुंटीला राहू द्या, कोणता आकडा लावायचा ते कळलं की लावू.

शुक्रवारी सकाळी जिममध्ये किम्ब्रोंनी माझी यादी वाचली. सदतीस मुली घंटा वाजवत मधोमध गेल्या. मारिसेला अकरावीच्या बाकांवर बसली होती, त्या चिल्ल्यापिल्ल्यांमध्ये. बारावीच्या दोन-तिघींनी तिच्याकडे बघून एकमेकींच्या कानात काहीतरी सांगितलं. तिच्या शेजारच्या सोळा वर्षांच्या पोरीने जुनी शेवंती हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली आणि अशी जुनी कुठे मिळते, असं तिला विचारलं म्हणे. ओफेलिया आली नाही. दाराकडे मी सगळा वेळ बघत होते. रागाने आली नसेल, नाहीतर पार्किंगपर्यंत येऊन परत गेली असेल.

दुपारी मारिसेला पिन मागायला ऑफिसात आली. एकोणीस वर्षांची पिन मोडली होती. मी नवी दिली. तिने तो फॉर्म टेबलावर ठेवला, कोराच होता.

"हा जास्तीचा झाला," ती म्हणाली.

रात्रीच्या मॅचमध्ये स्पीयर गावच्या टीमने आम्हाला तीस गुणांनी हरवलं. होमकमिंगला आम्ही बहुधा हरतोच.

सोमवारी शाळेत सगळे पुन्हा माणसांच्या कपड्यांत आले. सव्वाआठला मी पडदा सारला तर पार्किंगच्या कडेला ओफेलियाची राखाडी गाडी उभी होती. ती स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली होती. इंजिन चालू होतं, सकाळी थंडी होती म्हणून मागून धूर दिसत होता. मी कमिटीचा फॉर्म काढून ठेवला, पेन ठेवला. पाच मिनिटं गेली. दहा गेली. उशिरा आलेल्यांची रांग लागली होती, फोन वाजत होता, कुणाची तरी आई पलीकडून बोलायची वाट बघत होती. बाहेर गाडीचे मागचे, रिव्हर्सचे पांढरे दिवे लागले.

ऑफिसच्या वेळात मी ती खुर्ची कधी सोडत नाही. त्या दिवशी फोन तसाच वाजत ठेवला, रांगेतल्या पोरांना बाजूला सारलं आणि स्वेटर न घालता बाहेर गेले. गाडी हातभर मागे सरकली होती. मी काचेवर टकटक केलं. तिने काच खाली केली. डोळे रात्रपाळीचे होते, लाल.

"आत ये," मी म्हटलं. "ओफेलिया, आत ये."

तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागच्या खिडकीकडे. आणि गाडी बंद केली.